गुणाजी मेस्त्रींची बैठक

लालबागच्या त्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून असलेल्या खोलीत, खिडकीखाली एक चौकोनी जागा होती, आणि ती गुणाजी मेस्त्रींची होती. तिथली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा गुळगुळीत झाली होती. मेस्त्री तिथे मांडी घालून बसत, समोर कुणाची तरी पेटी पोट उघडून पडलेली असे, आणि खोलीत कुणी आलं-गेलं तरी त्यांची पाठ हलत नसे. गाण्याबजावण्यातले लोक याला बैठक म्हणतात. चाळीच्या भजनी मंडळाचे रघुवीर बुवा म्हणत, गळा देव देतो, बोटं गुरू देतो, बैठक मात्र ज्याची त्याने कमवायची. आणि मेस्त्रींकडे बोट दाखवून पुढे जोडत, "ह्यांना गळा नाही, बोटं नाहीत. पण बैठक बघा. आम्हा सगळ्यांना वाटली तरी उरेल."

मेस्त्री यावर हसत नसत. पाठ मात्र आणखी थोडी ताठ होई.

त्यांचं काम पेट्या सुरात लावण्याचं. वडील कणकवलीकडून येऊन गिरणीच्या सुतारखात्यात लागले होते. मुलाने रंधा हातात धरला, पण त्याचा कान लाकडातून निसटून आवाजाकडे गेला. गिरगावात एका पेटीवाल्याच्या दुकानात तो शिकला, दुकान बंद पडलं तेव्हा हत्यारं घेऊन घरी आला आणि खिडकीखाली बसला. मग गिरगाव, दादर, परळ, जिथे म्हणून माणसं भजनाला बसतात तिथल्या पेट्या त्या जिन्याने वर चढल्या आणि बऱ्या होऊन खाली उतरल्या.

तीन सुरांच्या पेटीत एक पट्टी दाबली की पितळेची तीन पाती एकदम बोलतात. खालचा खर्ज, मधला नर, वरची मादी. पेटी बेसूर झाली की त्या मिसळलेल्या आवाजात कोण खोटं बोलतंय ते कळत नाही. त्यासाठी पेटीच्या तोंडाशी लाकडी खुंट्या असतात, स्टॉपर. दोन खुंट्या आत ढकलायच्या, दोन सूर मुके करायचे, तिसरा एकटा ऐकायचा. त्याचं पातं टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. मग त्याला मुकं करून दुसऱ्याकडे वळायचं. मेस्त्रींचा सगळा धर्म एवढाच होता. बाकीचे गप केल्याशिवाय एकाचं खरं कळत नाही, असं ते पेटीबद्दल म्हणत आणि चाळीतल्या भांडणांबद्दलही. पाण्यावरून दोन घरं भांडली की ते एका घराला दार लावून आत बसायला सांगत आणि दुसऱ्याला बोलू देत. बहुतेकदा एकट्याने बोलायची वेळ आली की भांडणाऱ्याचा आवाज आपसूक उतरे.

त्यांची सून रुपाली भोईवाड्याची. दादरच्या एका शाळेच्या ऑफिसात ती कामाला होती. मुलगा हितेंद्र बस चालवायचा, त्याच्या पाळ्या उलटसुलट, त्यामुळे घरात सासरा आणि सून यांचाच सहवास जास्त. टाळेबंदीत शाळा बंद पडली तेव्हा ती मेस्त्रींच्या समोर पेटीचा भाता हलवायला बसली, आणि शाळा उघडल्यावरही संध्याकाळची बसतच राहिली. तिचा कान चांगला आहे हे मेस्त्रींना केव्हाच कळलं होतं. तिला ते त्यांनी कळू दिलं नव्हतं.

चाळीच्या अंगणात उंबराखाली दत्ताची घुमटी आहे. दत्तजयंतीला तिच्यासमोर सतरंज्या पडतात आणि मंडळाचं भजन होतं. मंडळाची पेटी मेस्त्रींनी तरुणपणी स्वतःच्या हाताने घडवलेली, तीन सुरांची. ती दरवर्षी तेच लावायचे, आणि मग एक रीत होती. भजनाला सगळे बसले की बुवा पेटीला हात लावत नसत. मेस्त्री पुढे येत, मांडी घालून बसत, तिन्ही खुंट्या बाहेर ओढत आणि काळी चार ही पट्टी दाबून पहिला सूर देत. तो सूर अंगणाच्या चारी बाजूंच्या गॅलऱ्यांपर्यंत जाऊन परत आला की पेटी बुवांकडे सरकवत. देवासमोर सगळे जमिनीवर. खुर्चीवर बसून सूर द्यायचा नाही. हा नियम कुणी केला हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तो मोडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

पाठ दुखायला लागली तेव्हा मेस्त्रींनी ते दुखणं धंद्याच्या नावावर टाकलं. आयुष्यभर पेटीवर वाकलेल्या माणसाची पाठ दुखायचीच. खोबरेल तेल झालं, मेडिकलमधला पट्टा झाला. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं मागेच निदान झालेलं होतं, त्याचं इंजेक्शन चालू होतं, पण ते दुखणं खालचं आणि हे वरचं; दोघांचा एकमेकांशी संबंध असेल असं त्यांच्या मनात आलं नाही. एक गोष्ट तेवढी विचित्र होती. धंद्याचं दुखणं आडवं पडलं की निवतं. हे आडवं पडल्यावर उठून बसायचं, जणू दिवसभर त्याला जागा नव्हती आणि आता मिळाली.

ऑक्टोबरच्या उकाड्यात एकदा रुपाली कामावरून आली तेव्हा ते खिडकीखाली बसलेले होते आणि एकच पट्टी दाबत होते. तिने पदर खोचला, भांडी लावली, पीठ मळलं. तीच पट्टी. ती मागे जाऊन उभी राहिली. सूर तर केव्हाच लागलेला होता, तिलाही ते ऐकू येत होतं.

"जा गो, चाय ठेव," मेस्त्री मान न वळवता म्हणाले. "ह्या सुराक अजून वेळ आसा."

तेव्हा तिला कळलं. त्यांना उठता येत नव्हतं. दुपारपासून ते तिथे अडकून बसले होते, आणि शेजाऱ्यांना ऐकू जावं, काम चाललंय असं वाटावं, म्हणून सूर धरून ठेवला होता. तिने आधी दार लोटलं, मग त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसली, दोन्ही काखांत हात घातले आणि त्यांना वर उचललं. ओठांतून आवाज निघाला नाही, पण त्यांचं सगळं अंग वाजत असलेलं तिच्या हातांना कळलं. उभे राहिल्यावर त्यांनी खिडकीचा गज धरला आणि बाहेर बघत म्हटलं की हितेंद्रला सांगू नकोस. तिने त्याच रात्री सांगितलं.

परळच्या मोठ्या रुग्णालयात फोटो झाले, स्कॅन झाला. आजार मणक्यात उतरला होता. कमरेच्या वरचे मणके त्याने पोखरले होते आणि एक थोडा खचला होता. कॅन्सरच्या डॉक्टरांनी पुढच्या औषधांचं पाहिलं आणि दुखण्यासाठी त्यांना डॉक्टर मनवांकडे पाठवलं. मनवा ही सडपातळ, चष्मेवाली, मेस्त्रींच्या मुलीच्या वयाची बाई होती. मुलगी असती तर. तिने खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ आणली आणि सगळं सरळ सांगितलं. मणक्यातला आजार मुळासकट जाणार नाही. पण दुखणं खाली आणता येईल, आणि त्यासाठी एकच एक औषध नाही. चार-पाच गोष्टी एकत्र कराव्या लागतील. हाडातल्या गाठीवर रेडिएशन, ज्याला वॉर्डातले सगळे लाईट म्हणतात. दुखण्यावर मॉर्फिनची गोळी, घड्याळ लावून, दुखो न दुखो. नस दबल्याने पायात जी आग उतरते तिच्यासाठी वेगळी गोळी, सुजेसाठी वेगळी. हाड टिकावं म्हणून मधूनमधून सलाईन. आणि कमरेला माप घेऊन बनवलेला पट्टा. लाईटचा गुण यायला वेळ लागतो, उलट पहिले काही दिवस दुखणं वाढूही शकतं, तोवर गोळ्यांनी तग धरायचा. पायातली ताकद गेली, बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र तारखेची वाट न बघता थेट यायचं, हे तिने रुपालीकडे बघून दोनदा सांगितलं.

मग तिने एक प्रश्न विचारला, जो आजवर कुठल्याही डॉक्टरने विचारला नव्हता. दुखणं कमी झालं तर काका तुम्हाला काय करायचंय?

मेस्त्रींनी खुर्चीखालच्या फरशीकडे पाहिलं.

"मांडी घालून बसायचंय," ते म्हणाले. "दत्तजयंतीला."

बाकीची रीत रुपालीने सांगितली, पहिल्या सुराची, सतरंजीची. मनवाने ती मधे न तोडता ऐकून घेतली. वचन देत नाही, म्हणाली, पण आता आपल्याला कुठे पोचायचंय ते मला कळलं.

उपचार सुरू झाले. काही दिवसांतच मेस्त्री भिंतीला टेकून बसू लागले, घास तोंडात असताना दुसऱ्या घासाचा विचार करू लागले. पण डोकं कापसात गुंडाळल्यासारखं झालं आणि पोट दगड होऊन बसलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, बरं वाटत होतं ते कशाने, हे कळत नव्हतं. हे कोण बोलतंय? लाईट, की गोळी, की ती दुसरी गोळी, की नुसता पट्टा? खिडकीखालच्या रिकाम्या जागेकडे बघत ते पडून राहत आणि आतल्या त्या मिसळलेल्या आवाजाला कान लावत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात एक वाद्य आलं होतं ज्याच्या खुंट्या कुणीतरी सगळ्याच एकदम ओढून ठेवल्या होत्या.

म्हणून त्यांनी त्या एकेक करून आत ढकलायला सुरुवात केली.

गोळ्या त्यांच्या हातात दिल्या जात, पाणी दिलं जाई, आणि रुपाली वळली की गोळी तळव्यातच राही. मोडक्या पात्यांचा एक पत्र्याचा डबा उशाशी असायचा, त्यात ती जाई. त्यात लबाडी आहे असं त्यांना वाटलंच नाही. लाईट एकटं काय करतं ते ऐकायचं होतं. ऐकून झालं की एक गोळी उघडू, मग दुसरी. एक खुंटी आत, एक बाहेर. जे पातं खोटं निघेल ते डॉक्टरणीला दाखवू. अशा कामात घाई चालत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

लाईट एकटं काहीच बोललं नाही. जे बोललं ते दुखणं. आधी ते पाठीत असायचं, आता पाठच दुखण्यात होती, आणि खाट, आणि खिडकी, आणि जिन्यावरून जाणाऱ्या माणसांची पावलं. घाम सुटे, अंगाला कापरं भरे. लाईटनंतर आधी दुखणं वाढू शकतं हे मनवाने सांगितलेलं त्यांना आठवत होतं, पण आठवण्याइतकी जागा डोक्यात उरलीच नव्हती. चादर दातांत धरून पडलेल्या मेस्त्रींनी निकाल देऊन टाकला. लाईट फुकट आहे. पुढच्या वेळी ते जाणार नाहीत. आणि मग, भिंतीकडे तोंड करून, त्यांनी ते सांगितलं जे रुपालीला दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

"रघुवीराक सांग, पेटी दादरच्या दुकानात दी. माझ्याच्यान होवचा नाय."

मंडळाची पेटी तेव्हा खोलीतच होती, कापड पांघरून कोपऱ्यात. रुपालीने बुवांना फोन केला नाही. तिने ठरवलं की निदान वरवरची साफसफाई आपण करू, ती पेटी बेवारशासारखी दुकानात जायला नको. धूळ झाडायचा ब्रश शोधायला तिने उशाजवळचा डबा उघडला. पितळेच्या पात्यांमध्ये पांढऱ्या गोळ्या होत्या, खूप, काही घामाने विरघळून पात्यांना चिकटलेल्या.

ती डबा मांडीवर घेऊन खाटेच्या काठावर बसली. तिच्या घरची पद्धत ओरडायची होती. भोईवाड्यात प्रेमसुद्धा मोठ्याने करतात. पण इथे ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "कधीपासून, बाबा?" आणि मेस्त्रींनी डोळे मिटून घेतले. मनवाला फोन लावला तेव्हा ती म्हणाली, आत्ता घेऊन या. टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवे पडून, डोकं सुनेच्या मांडीवर ठेवून, गुणाजी मेस्त्री परळला गेले. रस्त्यातला एकेक खड्डा त्यांनी मोजला नाही. प्रत्येक खड्ड्याने त्यांना मोजलं.

मनवाने आधी पाय तपासले, तळव्यांवर काडी फिरवली, टाच दाबून धरायला लावली. ताकद शाबूत होती. मग इंजेक्शन दिलं आणि ते लागू पडेपर्यंत शेजारी बसून राहिली. डब्याचं विचारलं ते नंतर, आणि विचारताना आवाज पोलिसाचा नव्हता. मेस्त्रींनी सांगितलं. खर्ज, नर, मादी, खुंट्या, मिसळलेला आवाज, एकेकाला गप करून ऐकायची रीत. बोलता बोलता त्यांना धाप लागली, पण त्यांनी पूर्ण सांगितलं, कारण आपण मूर्ख नाही हे या मुलीला कळायला हवं होतं.

तिला ते कळलं. ती म्हणाली की रीत चुकीची नाही, औषधं अशीच पारखतात. पण ती पारख आधी पुष्कळ लोकांवर होऊन गेलेली असते. शिवाय लाईट हा उशिरा बोलणारा सूर आहे. त्याला बोलायला आठवडे लागतात, आणि तोवर तुम्ही बाकी सगळे बंद करून बसलात. गोळ्या एकदम तोडल्या त्याचा त्रास वेगळा. आणि एक चूक तिने स्वतःकडे घेतली: पोट आणि डोक्याची तक्रार तिने पहिल्याच आठवड्यात खोदून विचारायला हवी होती. त्यावर उपाय आहेत, ते सहन करायची गरज नव्हती.

मेस्त्री ऐकत होते, पण त्यांचा चेहरा उघडला नव्हता. तेव्हा भिंतीला टेकून उभी असलेली रुपाली बोलली.

"बाबा, लावताना तुम्ही दोन खुंट्या बंद करता. बरोबर?"

"बरोबर."

"आणि दत्तजयंतीला? पहिला सूर देताना कधी बंद केलीत एकतरी?"

मेस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. मग छताकडे. पंखा फिरत होता, बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, जे गेले कित्येक दिवस हललं नव्हतं.

"म्हणजे आता मी मेस्त्री नाय," ते हळू म्हणाले. "आता मी पेटी."

"पेटीने गोळी लपवायची नसते," रुपाली म्हणाली, आणि मनवाने चष्मा काढून पुसायला घेतला.

यानंतर जे झालं ते चमत्कारासारखं झालं नाही. गोळ्यांची मात्रा मनवाने पुन्हा खालून वर नेली, पोटासाठी रोजचं औषध जोडलं, गुंगी हळूहळू निवळली. राहिलेलं लाईट त्यांनी मुकाट्याने घेतलं. काही दिवस चांगले गेले, काही इतके वाईट की रुपालीने कामावर रजा टाकली. आणि मग, मार्गशीर्ष लागायच्या सुमाराला, एका सकाळी त्यांच्या लक्षात आलं की आपण कूस बदलली आणि त्याचं काही झालं नाही. दुखणं गेलं नव्हतं. ते आतच होतं, पण आता ते इतर सुरांच्या खाली बसलं होतं, खर्जासारखं. असायचं, पण त्याच्यावर बाकीचं काही वाजू शकत होतं. हे कशामुळे, ते त्यांनी विचारलं नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी त्यांना आधी खाटेच्या काठावर बसवलं, मग पाटावर. मांडीबद्दल त्या खूश नव्हत्या. खुर्ची घ्या, म्हणाल्या. मेस्त्रींनी त्यांना दत्ताची सगळी रीत ऐकवली, आणि शेवटी तोड निघाली: उंच पाट, त्यावर घडी केलेली गोधडी, कमरेला पट्टा, वाकायचं नाही, पीळ द्यायचा नाही, आणि उठताना स्वतः जोर लावायचा नाही.

वाकायचं नाही, म्हणजे पेटी लावता येणार नव्हती. पेटी खुर्चीवर बसून वाजवत नाहीत, पण खुर्चीवर बसून ऐकायला कुणाची ना नव्हती. तेव्हा मेस्त्री पट्टा बांधून खुर्चीत ताठ बसले, आणि खिडकीखालच्या त्या गुळगुळीत चौकोनात रुपाली बसली. तिथे दुसरं कुणी बसलेलं त्या खोलीने पाहिलं नव्हतं. तिने मंडळाच्या पेटीचं झाकण काढलं, दोन खुंट्या आत ढकलल्या.

"वर," ते म्हणत. ती टोकाशी खरवडे. "अजून केसभर. बस. आता मुळाशी हात लाव, चढलो तो." तिने एकदा मोबाइलवरच्या सूर दाखवणाऱ्या ॲपकडे चोरून पाहिलं, तर मेस्त्री म्हणाले की त्यालाच सासरा कर मग. ती हसली आणि फोन उलटा ठेवला. एकदा तिने एक पातं जास्त खरवडलं आणि ते तुटलं. तिने कानस खाली ठेवली. मेस्त्रींनी उशाचा डबा मागवला, त्यातून गोळ्यांची पांढरी भुकटी लागलेलं एक जुनं पातं निवडलं, पुसलं आणि तिच्या हातात ठेवलं. ह्या डब्यातली अर्धी पाती माझीच मोडलेली आसत, एवढंच म्हणाले.

अशा बऱ्याच संध्याकाळी गेल्या. हळूहळू 'वर' आणि 'खाली' कमी झालं. शेवटच्या काही सुरांना तर मेस्त्री डोळे मिटून नुसते बसून होते, आणि रुपाली खरवडायची, थांबायची, ऐकायची, पुढे जायची. खोलीत बाहेरून येणारा माणूस म्हणाला असता की म्हाताऱ्याला झोप लागली आहे.

दत्तजयंतीच्या संध्याकाळी चाळीतल्या मुलांनी मेस्त्रींना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या, उंबराला दिव्यांच्या माळा होत्या, गॅलऱ्या भरल्या होत्या. घुमटीसमोर, पेटीच्या मागे, मंडळाच्या लोकांनी प्रेमाने एक प्लॅस्टिकची खुर्ची मांडली होती. तिच्यावर शाल घातली होती, टेकायला उशी ठेवली होती. रघुवीर बुवा टाळ मांडीवर ठेवून वाट बघत होते. सगळ्यांनी मनातून तो जुना नियम मोडून ठेवला होता, त्यांच्यासाठी.

मेस्त्रींनी खुर्चीकडे पाहिलं आणि मग रुपालीकडे. रुपालीने खुर्ची उचलली, सतरंजीच्या बाहेर उंबराला टेकवून ठेवली, आणि तिच्या जागी घरून आणलेला पाट ठेवून त्यावर गोधडी पसरली. मग ती मागे उभी राहिली. मेस्त्री एक हात तिच्या हातात देऊन, पाठ सरळ ठेवून, विहिरीत उतरावं तसे हळूहळू खाली गेले. एक पाय दुमडला. थोडं थांबले, कपाळावर घाम आला. अंगणातल्या टाळांची किणकिणही बंद झाली. मग दुसरा पाय दुमडला, आणि मांडी बसली.

पट्ट्याने असेल किंवा सवयीने, पाठ अशी ताठ होती की वरच्या गॅलरीतल्या एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, आजारी आहे म्हणत होते तो हाच का?

मेस्त्रींनी खर्जाची खुंटी बाहेर ओढली. मग नर. मग मादी. डाव्या हाताने भाता उघडला आणि काळी चार दाबली. तीन सूर एकाच श्वासात बाहेर आले आणि कुठला कुणाचा हे सांगता येऊ नये इतके एक झाले. तो आवाज भिंतींवर गेला, गॅलऱ्यांतून फिरला, परत आला. मेस्त्रींनी तो परत येईपर्यंत पट्टी सोडली नाही.

बुवांनी कान टवकारून मान हलवली. "मेस्त्री, ह्या दुखण्यात पेटी लावलीत कधी? आणि अशी?"

"मी नाय," मेस्त्री म्हणाले, आणि आवाज मागच्या ओळीपर्यंत जाईल असा काढला. "माझ्या सुनेन लावल्यान."

रुपाली उंबराकडे बघू लागली. भजनी मंडळातल्या कुणीतरी 'वा वहिनी' म्हटलं. मेस्त्रींनी पेटी बुवांकडे लगेच सरकवली नाही, हात थोडा वेळ तिच्यावर ठेवला, आणि मग सरकवली. पखवाजावर थाप पडली, भजन उठलं.

पहिला अभंग ते तिथेच, मांडी घालून, टाळ्या देत बसले. तो संपत आला तेव्हा दुखण्याने खालून डोकं वर काढलं. ते त्यांच्या खांद्यांवरून रुपालीला कळलं, पण ती पुढे झाली नाही. उकाड्यातली ती संध्याकाळ तिला आठवत होती; बंद दार आणि एकच सूर.

मेस्त्रींनी मान थोडी वळवली. मग सगळ्या अंगणासमोर, सगळ्या गॅलऱ्यांसमोर, त्यांनी दोन्ही हात अंगापासून दूर केले, लहान मूल करतं तसे. रुपाली मागे गुडघ्यांवर बसली, काखांत हात घातले आणि त्यांना उचललं. मेस्त्री उभे राहिले. खाली बघायचं सोडून त्यांनी चारी बाजूंना नजर फिरवली, जणू आता पेटी बरी करून कुणाच्या तरी हवाली केली आहे.

"आता आण गो ती खुर्ची," ते म्हणाले. "उरलेला भजन बसून ऐकतंय."